सीएस लिहू की लिंग्विस्टिक्स?

२०२३ च्या ऑगस्टमधली संध्याकाळ. लेक डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती, मी पोळ्या करत होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूसीचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो. एकच अर्ज, त्यात नऊ कॅम्पस, मेजरची म्हणजे मुख्य विषयाची चौकट, आणि पाठवायची त्या वर्षीची मुदत ३० नोव्हेंबर.

"आई, इथे प्रत्येक कॅम्पसला वेगळं मेजर टाकता येतं. शिवाय एक पर्यायी मेजरही विचारतायत."

"टाक की मग सीएस, कॉम्प्युटर सायन्स," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. तवा उतरवून मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर तिने लिंग्विस्टिक्स निवडून ठेवलं होतं. भाषाविज्ञान.

तिथून पुढचे चार महिने आमच्या घरात त्या एका चौकटीवरून गेले. आत्ता कितीतरी मराठी घरांत, इथे अमेरिकेत आणि भारतातूनही मुलांना पाठवणाऱ्यांकडे, हेच चाललेलं असतं. आम्हाला जे हळूहळू, चुकत कळलं ते कुणाला लवकर कळलं तर बरं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल सांगते, कारण त्या चौकटीत काय लिहायचं याबद्दलची माझी मतं तिथूनच आलेली होती. मी कोल्हापूरची. १९९३ ला बारावी झाले. तेव्हा सीईटी नव्हती, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या मार्कांवर इंजिनिअरिंगची यादी लागायची. प्रवेशाच्या दिवशी बाबांबरोबर पहाटेच्या एसटीने गेले. हॉलमध्ये फळ्यावर कॉलेजांची नावं, ब्रँच आणि उरलेल्या जागा खडूने लिहिलेल्या. दर थोड्या वेळाने एक शिपाई येऊन आकडा पुसायचा आणि एकाने कमी करून लिहायचा. मला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सपुढे शून्य होतं. टेबलामागच्या सरांनी विचारलं, "प्रॉडक्शन घेणार?" बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, डीडी दिला, पावती घेतली. सगळं मिळून पाच मिनिटं. पुढे आमच्या बॅचमधल्या पुष्कळ जणांसारखी मी सॉफ्टवेअरमध्ये आले, आणि त्याच वाटेने कॅलिफोर्नियात.

त्यामुळे माझ्या मनात हे पक्कं बसलेलं होतं की ब्रँच आपण निवडत नाही, ती शिल्लक असते किंवा नसते. मिळेल त्यातली सगळ्यात वरची घ्यायची. त्यात २०२३ च्या जानेवारीत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती. त्या हिवाळ्यात इथे टेकमधल्या फार लोकांच्या गेल्या. त्याला दुसरी मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांतली भीती माझ्या अंगात अजून होती. भाषाविज्ञान शिकून ही पोरगी करणार काय, हा प्रश्न मी तिला विचारायचे, पण खरं तर तो मी रात्री छताकडे बघत स्वतःला विचारत असायचे.

आता तिच्याबद्दल. लहानपणी रविवारच्या मराठी शाळेत ती "मीने खाल्लं" म्हणायची. आम्ही दुरुस्त करायचो, "मीने नाही गं, मी. मी खाल्लं." चौथी-पाचवीत असताना तिने एकदा विचारलं, "तिने खाल्लं, त्याने खाल्लं, मग मीने का नाही?" मला उत्तर आलं नाही. शाळेतल्या ताईंनाही आलं नाही. तिने वहीत सगळी सर्वनामं लिहून काढली: मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही, तो-ती-ते यांना लागतो. मग म्हणाली, "म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा सोडून बाकी सगळ्यांना." चाळीस वर्षं मराठी बोलून मला हे कधी दिसलं नव्हतं. ही गोष्ट भाषाविज्ञानात नीट अभ्यासलेली आहे, तिला एर्गेटिव्हिटी असं नाव आहे, हे तिचं तिनेच पुढे शोधून काढलं.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दलची. आमच्या कोल्हापूरकडे बायकाही "मी करतो", "मी येतो", "मी गेलो" असंच म्हणतात. मी माझ्या आईशी फोनवर बोलताना तशीच बोलते. पुण्याच्या सासूबाईंशी बोलताना माझं "करते", "येते" होतं. हे मी ठरवून करत नाही. लेकीने नववीत असताना एका रविवारी लागोपाठ दोन फोन ऐकले आणि म्हणाली, "आई, तू आत्ता दहा मिनिटांत दोनदा वेगळी बाई झालीस." मला जरा लागलं ते. पण तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नव्हतं. तिला कुतूहल होतं, मी कोणाशी कधी बदलते याचं. मग ती महिनाभर टिपणं ठेवत होती, फ्रिजवरच्या कागदावर.

दहावीपासून ती नॅक्लो द्यायला लागली. ही शाळकरी मुलांची कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्सची, म्हणजे भाषाविज्ञान आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या विषयाची स्पर्धा, २००७ पासून चालते. तीन तास बसायचं आणि कधी नावही न ऐकलेल्या भाषांची वाक्यं समोर येतात, त्यांतून व्याकरण उलगडायचं. पाठांतर शून्य, पाठ करण्यासारखं काही नसतंच. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो होतो तेव्हा आम्ही तिला डेक्कन कॉलेजात नेलं. तिथे १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम सुरू केलं. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या कपाटांच्या खणांत लावून ठेवलेल्या आहेत, एकेका चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठल्या ग्रंथात कुठे आला त्याचा उतारा. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि इतक्या वर्षांनंतरही 'अ' हे अक्षर संपलेलं नाही. मी मनात म्हटलं, एवढ्या पिढ्या गेल्या आणि अजून 'अ'. ती परत येताना रिक्षात म्हणाली, "आपल्याला अजून सगळा 'अ' पण माहीत नाही." आमच्या दोघींच्या त्या एकेका वाक्यात पुढचं सगळं भांडण आलं होतं.

तरीही २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी अडून बसले. आणि मला अडून बसायला बाहेरून भरपूर आधार मिळाला.

ओळखीतल्या एका मुलाने, जो २०१९ ला यूसीच्या बर्कली कॅम्पसला गेला होता, मनापासून सल्ला दिला: "मावशी, तिला लिंग्विस्टिक्सच लिहू दे. आत शिरली की सीएसमध्ये बदलेल." त्याच्या वेळी हे खरं होतं. तिथल्या लेटर्स अँड सायन्स या कॉलेजमध्ये असलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याने सीएसचे ठरलेले कोर्स करून ३.३ जीपीए, म्हणजे चारपैकी तेवढी सरासरी, राखला की सीएस घेता यायचं. पण २०२३ च्या प्रवेशांपासून ती वाट बंद झाली. आता बर्कलीत सीएस हवं असेल तर अर्जातच तसं लिहून थेट तिथे प्रवेश मिळवावा लागतो, नंतर शिरणं फार अवघड. सल्ला देणाऱ्याची काहीच चूक नव्हती. नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि सल्ले मात्र तेच फिरत राहतात. मोठ्या भावंडांचं, मागच्या वर्षीच्या मुलांचं ऐकावं, पण त्या कॉलेजच्या प्रवेशाच्या पानावर जाऊन या वर्षीचं वाचल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आम्ही ते वाचलं म्हणून वाचलो.

एका पैसे घेणाऱ्या सल्लागाराकडेही तासभर बसलो. त्यांनी एक यादी पुढे केली, कमी अर्ज येणाऱ्या मेजरांची. यातलं काहीतरी लिहा, शक्यता वाढते, असं म्हणाले. तिला काय आवडतं हे त्या तासात त्यांनी एकदाही विचारलं नाही. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "मला लिंग्विस्टिक्स आवडतं म्हणून मी ते लिहितेय, आणि त्यांना वाटतंय की मी चोरवाटेने जातेय." तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मी पहिल्यांदा गप्प झाले.

सप्टेंबरमध्ये नवऱ्याने एक एक्सेल शीट केलं आणि आम्ही तिघं रोज रात्री तासभर एकेका कॉलेजची पानं वाचायला लागलो. तेव्हा कळलं की ही चौकट सगळीकडे सारखी दिसते पण तिचा अर्थ प्रत्येक ठिकाणी निराळा आहे. काही ठिकाणी ती नुसती नोंद असते. एमआयटीत पहिल्या वर्षी कुणालाच मेजर नसतं, वर्षाच्या शेवटी ठरवायचं. उलट युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या ॲलन स्कूलमध्ये सीएसला थेट अर्जातूनच प्रवेश, पहिल्यांदा लिहिलं नाही तर नंतर दार जवळजवळ बंद. परड्यू युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगची सगळी मुलं पहिलं वर्ष एकत्र असतात, शाखा मागाहून.

सगळ्यात डोळे उघडले ते यूसीएलएच्या, म्हणजे यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसच्या पानाने. तिथे सीएस इंजिनिअरिंग स्कूलमध्ये आहे आणि त्या स्कूलमध्ये अर्ज मेजरनुसार बघतात. पण तिथल्या लेटर्स अँड सायन्स कॉलेजमध्ये बारावीतून येणाऱ्या मुलांना निवडताना त्यांनी लिहिलेलं मेजर विचारातच घेत नाहीत. आणि त्याच लेटर्स अँड सायन्समध्ये 'लिंग्विस्टिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स' नावाचं एक मेजर आहे! एकाच कॅम्पसवर कॉम्प्युटर शिकायची दोन दारं, आणि दोन्हीकडे पहारा वेगळा. सल्लागाराच्या यादीत हे नव्हतं.

युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉयमध्ये तर सीएससोबत दुसरा विषय जोडलेली मेजरं आहेत: सीएस आणि संगीत, सीएस आणि खगोलशास्त्र, सीएस आणि पीकशास्त्रसुद्धा. त्यात सीएस आणि लिंग्विस्टिक्स आहे. ते दिसल्यावर मला इतका आनंद झाला की मी लगेच "झालं, सुटला प्रश्न" म्हणून टाकलं. लेकीने शांतपणे पुढचं वाचून दाखवलं. तिथे पहिल्या पसंतीच्या मेजरशी संबंधित गेल्या तीन-चार वर्षांतला अनुभव दीडशे शब्दांत लिहायचा असतो. "माझ्याकडे लिंग्विस्टिक्सचे दहा अनुभव आहेत. सीएसचा काय आहे? एपी सीएसचा एक कोर्स." एपी म्हणजे शाळेतच करायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स. मग तिने खरं तेच लिहिलं. मराठी शाळेच्या लहान मुलांच्या चुका गोळा करून, कुठल्या वयात कुठला प्रत्यय चुकतो हे मोजायला तिने पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. साठ-सत्तर ओळींचा असेल. तो प्रोग्रॅम मी तोवर पाहिलाही नव्हता. तिने इलिनॉयला पहिली पसंती सीएस आणि लिंग्विस्टिक्स लिहिली, दुसरी नुसती लिंग्विस्टिक्स.

आता २६ नोव्हेंबरची रात्र. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार, मुदतीला चार दिवस. दुपारी एका वाढदिवसाला गेलो होतो आणि तिथे चार आयांशी बोलून मी पुन्हा घाबरून आले होते. रात्री साडेदहाला मी तिला म्हटलं, निदान सॅन डिएगोला सीएस टाक. एका तरी कॅम्पसला. माझ्यासाठी. सॅन डिएगोत सीएस आणि इंजिनिअरिंगच्या मेजरांमध्ये नंतर बाहेरून शिरायला वेगळी स्पर्धा आहे हे वाचलेलं होतं, त्यामुळे आत्ताच लिहायला हवं असा माझा हट्ट. ती खूप वेळ बोलली नाही. मग तिने बदललं. "घे," म्हणाली, आणि झोपायला गेली.

मी तिथेच बसले आणि पाठवण्याआधी एकदा सगळा अर्ज वाचावा म्हणून वाचायला घेतला. यूसीला मेजर का निवडलं असा वेगळा निबंध नसतो. आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांपर्यंत, आणि तेच चार सगळ्या कॅम्पसना जातात. सहावा प्रश्न असतो तुम्हाला भुरळ घालणाऱ्या एखाद्या विषयाबद्दल. त्यात तिने माझ्याबद्दल लिहिलं होतं. माझी आई आजीशी बोलताना 'करतो' म्हणते आणि सासूशी बोलताना 'करते', तिला ते माहीत नसतं, आणि मी त्या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत उभी राहून पहिल्यांदा भाषेकडे बघायला शिकले. मी ते इथे मराठीत सांगते आहे, तिने इंग्रजीत लिहिलं होतं आणि माझ्यापेक्षा खूप चांगलं. दुसरा निबंध मराठी शाळेत शिकवण्याबद्दल. तिसरा नॅक्लोच्या एका प्रश्नात अडकून तीन आठवडे त्यावर घालवल्याबद्दल. आणि वर, सॅन डिएगोसमोर: कॉम्प्युटर सायन्स.

अर्ज वाचणाऱ्याला काय दिसेल ते मला त्या क्षणी दिसलं. खालची चार पानं एका मुलीची होती आणि वरची ओळ तिच्या आईची. मी प्रॉडक्शनला मान हलवली तेव्हा माझ्या बाबांनी जे तोंड केलं होतं ते आठवलं. त्यांना माहीत होतं मला काय हवं होतं. त्यांच्या हातात फळ्यावरचं शून्य बदलणं नव्हतं. माझ्यासमोर शून्य नव्हतंच.

मी तिला उठवलं नाही. सकाळी शाळेत जाण्याआधी म्हटलं, "सॅन डिएगोचं परत बदल." तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "निबंध वाचला मी." त्यावर दोघींनाही काही बोलता आलं नाही, आणि तिची बस चुकली म्हणून मी तिला सोडायला गेले. २८ तारखेला अर्ज गेला.

निकालांचं थोडक्यात सांगते. जानेवारीच्या अखेरीस इलिनॉयचं पत्र आलं, पहिली पसंती नाही, दुसरी मिळाली. दुसरी पसंती काळजीपूर्वक भरावी याचा अर्थ तेव्हा कळला. ती जागा खरी असते. पण दुसऱ्या राज्यातली म्हणून वर्षाचा खर्च राहण्या-जेवणासकट पन्नास हजार डॉलरच्या वर जात होता, तेवढं कर्ज काढायचं नाही हे आधीच ठरलेलं. मार्चमध्ये यूसींचे निकाल लागले. दोन कॅम्पसनी नाही म्हटलं, त्या दोन संध्याकाळी ती फारशी जेवली नाही. तीन ठिकाणी हो आलं, त्यात सॅन डिएगो, लिंग्विस्टिक्सला. सीएस लिहिलं असतं तर काय झालं असतं हे मला कुणी सांगू शकत नाही आणि आता मी विचारतही नाही.

त्या वर्षी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, फाफ्सा, नवीन स्वरूपात यायला फार उशीर झाला. म्हणून यूसीने होकार कळवायची मुदत १ मेवरून १५ मेपर्यंत वाढवली. आम्ही ते दोन आठवडे पूर्ण वापरले. ती एप्रिलमध्ये सॅन डिएगोला जाऊन एका वर्गात बसून आली. परत आल्यावर सांगत होती, की तिथल्या एका प्राध्यापिकेला तिने मी-तू आणि 'ने'चं विचारलं, आणि त्या बाईंनी फळ्यावर तक्ता काढायला तिलाच खडू दिला.

होकार पाठवला त्या रात्री कोल्हापूरला सकाळ होती. आम्ही आईला फोन लावला, स्पीकरवर. आईला ऐकायला कमी येतं, ती मोठ्याने बोलते.

"काय शिकणार म्हणं आता?"

"आजी, भाषा कशा चालतात ते. आपली मराठी पण. तू कशी बोलतेस ते पण."

"मी कशी बोलतो ते?" आई थोडा वेळ थांबली. "मग त्येला तिकडं कशाला पैसं भरायचं बाळ? इकडं ये की. मी शिकवतो."

लेकीने फ्रिजवरचा कागद ओढून घेतला आणि पेन शोधायला लागली.